धाराशिवचे स्थलांतरित : मुकादमाची उचल आणि सरकारी कागद

धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब आणि परंडा या तालुक्यांचा बराचसा भाग बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर आहे. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि खरीप हाती आले की पुढच्या सहा महिन्यांचा प्रश्न उभा. दसरा-दिवाळीच्या सुमारास या गावांतून बिऱ्हाडे उठतात. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, पाण्याचे पिंप, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली पोरे. ही बिऱ्हाडे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतील आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडील साखर कारखान्यांवर ऊसतोडीसाठी जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. याखेरीज दुसरी एक वाट आहे. शिकलेली-न शिकलेली तरुण मुले पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात आणि तिथेच राहतात. कॅनडासारख्या देशात नव्याने आलेल्या माणसाला भाषा, घर आणि काम मिळवून देणारी स्वतंत्र सेवाकेंद्रे असतात. धाराशिवहून निघालेला माणूस आपल्याच राज्यात राहतो, म्हणून त्याला नवागत समजण्याची पद्धत नाही. तरी परक्या गावात पोचल्यावर त्याच्या गरजा त्याच असतात : काम कोण देणार, निवारा कुठे, धान्य कुठून, पोरांची शाळा कोणती आणि आजारपणात दार कोणाचे ठोठवायचे.

ऊसतोडीच्या बाबतीत यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारी कार्यालयात मिळत नाही. ते मुकादमाकडे मिळते. कारखाना वाहतूकदाराशी किंवा थेट मुकादमाशी करार करतो, मुकादम गावोगाव फिरून टोळी बांधतो आणि पावसाळ्यातच मजुरांना उचल वाटतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीपोटी आधी हातात दिलेली रक्कम. ती माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. जोडीची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते आणि ती बहुधा आधीच खर्ची पडलेली असते : मुलीचे लग्न, दवाखाना, बियाणे, मागच्या वर्षाची बाकी. मजुरीचा हिशेब टनावर असतो. जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, तेव्हा तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन त्याखेरीज, साधारण वीस टक्के. चांगली जोडी पहाटेपासून राबून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उसाचे वाडे (शेंड्याचा चारा) विकून येणारे चार पैसे हीच काय ती रोजची रोकड; बाकीची मजुरी उचलीत वळती होत राहते. एखादा दिवस कामावर न गेल्यास खाडा लागतो, म्हणजे उलट दंड.

मुकादमाला शिव्या देणे सोपे आहे. पण तो नेमकी कोणकोणती कामे करतो हे पाहिल्यावर तो टिकून का आहे हे कळते. तो रोजगार केंद्र असतो, तारणाशिवाय कर्ज देणारी बँक असतो, प्रवासाची सोय करतो, परगावी ओळख सांगतो आणि कारखान्याच्या गटकार्यालयापुढे जामीनही राहतो. एका माणसात पाच खाती. या पाचही कामांची किंमत तो वसूल करतो आणि ती पडताळण्याची सोय मजुराला नसते, कारण हिशेबाची वही मुकादमाकडेच असते. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. यातून काही वेळा माणसे अडकवून ठेवली जातात. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा, १९७६ नुसार कर्जाच्या बदल्यात सक्तीने काम करवून घेणे हा गुन्हा आहे आणि असे कर्ज कायद्याने आपोआप रद्द होते. मुक्तता आणि पुनर्वसन ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांच्या मदतीची तरतूद करण्यात आली. मात्र ऊसतोडीत तक्रार बहुतेक वेळा उलट्या दिशेने होते. टोळी पळाली म्हणून मुकादम किंवा वाहतूकदार पोलिसांत जातो.

येथे एक कोडे आहे. धाराशिव जिल्ह्यातही साखर कारखाने आहेत : रांजणीचा नॅचरल शुगर, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकारी कारखाना, मुरूमचा विठ्ठलसाई. ढोकीचा तेरणा कारखाना बरीच वर्षे बंद पडला होता, तरी जिल्ह्यात ऊस आणि कारखाने दोन्ही आहेत. असे असताना भूम-वाशीची जोडी कोल्हापूरला जाते आणि धाराशिवच्या उसाच्या फडात शेजारच्या बीडची टोळी उतरते. दूरच्या कारखान्याची उचल मोठी असते आणि पश्चिम महाराष्ट्रात हंगाम लांबतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून गुजरातमधील बारडोलीला जाणाऱ्या तोडकऱ्यांच्या अभ्यासात मांडले होते. बाहेरून आलेला मजूर फडाशेजारच्या कोपीत (झोपडीत) राहतो, रात्री बारालाही गाडी भरायला हजर असतो. घर जवळ असलेला मजूर संध्याकाळी घरी जातो. मालकाला परका माणूस हवा असतो, कारण त्याला जायला दुसरी जागा नसते. नवागतांसाठी सेवा का लागतात याचे याहून नेमके उत्तर मिळणे कठीण.

मुकादमाच्या पाच खात्यांपैकी ओळख देण्याचे काम हाती घेण्याचा प्रयत्न राज्याने केला तो लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळातून. गाळप झालेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढीच भर राज्याने घालायची, असा त्याचा निधी ठरला. सामाजिक न्याय विभागाच्या देखरेखीखाली गावातच ग्रामसेवकाने ऊसतोड कुटुंबांची नोंद करून ओळखपत्र द्यावे, अशी रचना झाली. सलग तीन वर्षे तोडीला जाणाऱ्यांना त्यात धरले गेले. कागदावर ही साधी बाब दिसते. पण तोपर्यंत राज्याकडे आपल्या तोडकऱ्यांची नावनिशीवार यादीच नव्हती. होती ती कारखान्यांकडे आणि मुकादमांच्या वह्यांत. २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने ई-श्रम पोर्टल सुरू केले. १६ ते ५९ वयोगटातील असंघटित कामगाराला आधारच्या साहाय्याने त्यावर नाव नोंदवून बारा अंकी क्रमांक मिळतो. हा क्रमांक माणसाबरोबर प्रवास करतो हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्याआड प्रत्यक्ष लाभ किती, हा वेगळा प्रश्न.

प्रवास करू शकणारा सर्वांत उपयोगी कागद ठरला तो रेशनकार्डाचा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. पूर्वी ते फक्त गावच्या दुकानातच मिळे. बिऱ्हाड उठले की सहा महिन्यांचा कोटा एकतर पडून राही किंवा भलतीकडेच जाई आणि तोडकरी कारखान्याजवळच्या किराणा दुकानात बाजारभावाने, तेही मुकादमाच्या उधारीवर, ज्वारी-गहू घेत असे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही व्यवस्था ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांच्या जोड्या करून सुरू झाली; त्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. आता अंगठा लावून कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. कुटुंबाचा कोटा विभागताही येतो. गावी राहिलेली आजी आपला वाटा गावात घेते, कोपीतली सून आपला वाटा शिरोळ किंवा कराडच्या दुकानात. अडचणी दोन. परगावचा दुकानदार ‘माल संपला’ म्हणून परत पाठवतो, कारण बाहेरच्या कार्डांसाठी वेगळा माल त्याच्याकडे आलेला नसतो. आणि कोयता धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटत नाही. अशा वेळी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा क्रमांक कामी येतो, म्हणून हंगामापूर्वी गावातच मोबाइल क्रमांक जोडून घेणे हे अर्धे काम असते.

मुलांच्या शाळेचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण धान्य कुठेही सारखेच असते आणि शाळा तशी नसते. महाराष्ट्राने यावर दोन उलट दिशांनी उपाय केले. पहिला म्हणजे मुलांमागोमाग शाळा नेणे : कारखान्याच्या तळावर भरणारी साखरशाळा. छत्रपती संभाजीनगरच्या जनार्थ या संस्थेने या शाळांचे मोठे जाळे उभारले होते. साखरशाळेचा दोष असा की टोळी फडाबरोबर हलते. तळावरची मुले सापडतात, दूरच्या फडांवर गेलेली सापडत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे मुलांना गावातच ठेवणे. हंगामी वसतिगृह योजनेत आई-वडील तोडीला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे राहते, जिल्हा परिषदेच्या गावच्या शाळेतच शिकते आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. शिक्षकांच्या दृष्टीने ही योजना अधिक कामाची, कारण मुलाचे वर्ष एकाच पटावर राहते. तिचे यश एका तारखेवर अवलंबून असते. बिऱ्हाडे दसऱ्यानंतर उठायला लागतात आणि मंजुरीचा कागद उशिरा आला, तर आई मुलाला घेऊन गेलेली असते. एकदा गेलेले मूल एप्रिलशिवाय परतत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीला न्यायचेच असते, कारण कोपीत धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मुलाला वर्षात केव्हाही शाळेत दाखल करून घ्यायला सांगतो. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याला जोडून महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आले. गावची शाळा ते मुलाच्या हाती देते, त्यावर त्याची इयत्ता आणि प्रगती असते आणि नव्या गावची शाळा ते पाहून त्याला वर्गात बसवते. कर्नाटकात मात्र या पत्रकापुढे भाषेची भिंत येते. बागलकोटकडे गेलेल्या तिसरीच्या मुलासमोर कन्नड पाटी येते आणि तो वर्गात बसण्यापेक्षा वाडे गोळा करणे पसंत करतो. पुढच्या टप्प्यासाठी, मोठ्या मुलांकरिता, २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली : ऊसतोड कामगारांची वस्ती असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे, प्रत्येकाची क्षमता शंभर. धाराशिवमधील तालुके त्यात आहेत. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी आणि गरोदर मातांसाठी महिला व बालविकास विभागाने ‘महा-एमटीएस’ हे मोबाइल अ‍ॅप काढले. भूमच्या अंगणवाडीत नोंदलेली बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेली तर तिथल्या अंगणवाडीला तिची माहिती मिळावी, म्हणजे पोषण आहार आणि लसीचा पुढचा डोस चुकू नये, ही त्यामागची कल्पना.

आरोग्याच्या बाबतीत एक जुना प्रश्न २०१९ मध्ये एकदम देशभर गाजला. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, सुट्टी घेतली तर खाडा. त्यात किरकोळ तक्रारीवर शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे डॉक्टर. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याची चौकशी केली. त्यानंतर शस्त्रक्रियेवर सरकारी परवानगीचे बंधन आले आणि हंगामाच्या आधी व नंतर आरोग्य तपासणी करण्याचे ठरले. धाराशिवच्या बायका याच फडांत उतरतात. कागदाच्या बाजूने पाहता रुग्णालयातल्या उपचारांची सोय आता बरीच सुटसुटीत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात लागू होते आणि आयुष्मान भारतचे कार्ड राज्याबाहेरही चालते. पण फडापासून अंगीकृत रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असते, आणि तापासाठी किंवा विळा-कोयत्याच्या जखमेसाठी जवळचा खासगी दवाखानाच गाठावा लागतो. कोपीपर्यंत पोचणारी सरकारी व्यवस्था म्हणजे त्या भागातली आशा कार्यकर्ती. केरळने २०१७ मध्ये ‘आवाज’ ही परराज्यातील कामगारांसाठीची विमा योजना आणली, तेव्हा नोंदणी कामाच्या ठिकाणी जाऊन केली. उसाच्या तळांवर असे शिबिर हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात घेतले तर उपयोग. फेब्रुवारीत घेतलेले शिबिर म्हणजे फोटोपुरते.

स्थलांतरित कामगारांसाठी देशाने पहिला स्वतंत्र कायदा केला तो १९७९ मध्ये. त्याची प्रेरणा ओडिशातील दादन मजूर होते, आणि दादन या शब्दाचा अर्थही आगाऊ दिलेले पैसेच. नाव वेगळे, उचल तीच. कंत्राटदाराने छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, प्रवासभाडे आणि विस्थापन भत्ता द्यावा, राहण्याची व औषधपाण्याची सोय करावी, असे त्यात म्हटले होते. मात्र कायदा फक्त आंतरराज्य स्थलांतराला लागू होता. त्यामुळे परंड्याहून बागलकोटला गेलेली जोडी त्यात येत होती आणि परंड्याहून तितक्याच लांब कोल्हापूरला गेलेली जोडी बाहेर राहत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला. आंतरराज्य ही अट तिथेही आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत हे सगळे एकदम उघडे पडले. मार्च २०२० मध्ये हंगाम संपत आला असताना रस्ते बंद झाले आणि टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या. १७ एप्रिलला राज्य सरकारने ३८ कारखान्यांवरील सुमारे एक लाख ३१ हजार मजुरांना तपासणी करून गावी जाण्याची परवानगी दिली. ही यादी कारखान्यांच्या नोंदींमुळे बनू शकली. त्याच वेळी पुण्यातील बांधकामांवर, हॉटेलांत आणि छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या धाराशिवकरांची अशी नोंद कुठेच नव्हती. ते मिळेल त्या वाहनाने किंवा चालत निघाले.

शहराकडच्या वाटेवर मुकादम नसतो, पाहुणा असतो. चाकण, भोसरी किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये आधी गेलेला चुलतभाऊ नव्याने आलेल्याला आपल्या खोलीवर ठेवतो, खानावळ लावून देतो आणि कंपनीत लेबर पुरवणाऱ्या ठेकेदाराची गाठ घालून देतो. हीच पुण्यातल्या बहुतेक धाराशिवकरांची पहिली रोजगार सेवा. शिक्षणासाठी आलेल्यांकरिता संस्थाही उभ्या राहिल्या. पुण्यातील मराठवाडा मित्रमंडळाची स्थापना १९६७ ची, मराठवाड्यातून येणाऱ्या मुलांना शहरात आधार मिळावा हा त्यामागचा हेतू. पाहुण्याची मदत लवकर मिळते, पण त्या मदतीला एक मर्यादा आहे. पाहुण्याला जे काम माहीत तेच नवागताला मिळते. आयटीआयमधून विजेचे काम शिकलेला मुलगाही सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा राहतो, कारण चुलतभाऊ तिथे होता.

ज्याला पाहुणा नसतो तो मजूर अड्ड्यावर उभा राहतो. वारजे, डांगे चौक अशा ठिकाणी सकाळी आठच्या आत गर्दी जमते आणि दहापर्यंत कोणी नेले नाही तर दिवस बुडतो. अशा कामगारासाठी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला; आता तोही कामगार संहितांत विलीन झाला आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून नोंदीत कामगारांना मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मदतीपर्यंतचे लाभ मिळतात. अट एवढीच की गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. रोज नवा मालक असलेल्या माणसाला हा दाखला कोण देणार? ठेकेदार टाळतो. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडूनही तो मिळू शकतो, हे अड्ड्यावरच्या थोड्यांनाच माहीत असते, आणि ही माहिती देण्याचे पैसे घेणारे एजंट तिथेच उभे असतात. महाराष्ट्रात याहून जुने आणि धीट उदाहरण माथाडींचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी आणि मजुरीचे वाटप मंडळाकडे दिले; मालक मंडळात पैसे भरतो, मंडळ कामगाराला देते आणि टोळीवाला मधून जातो. मधल्या माणसाची कामे मंडळाकडे नेणारी ही रचना.

नोकरीच्या शोधातील तरुणाला घर सोडण्याआधीच मदत मिळावी म्हणून धाराशिवला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. पूर्वी त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत आणि तिथल्या कार्डाचे नूतनीकरण करून वर्षानुवर्षे वाट पाहिली जाई. आता नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते आणि केंद्र रोजगार मेळावे भरवते, ज्यात बाहेरच्या जिल्ह्यांतील कंपन्याही मुलाखती घेतात. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतन ठेवले गेले. मेळाव्यात हातात आलेल्या पत्रावर पगार लिहिलेला असतो. खोलीभाडे, खानावळ आणि पहिला पगार होईपर्यंतचे पंचेचाळीस दिवस लिहिलेले नसतात. तो काळ पाहुण्याच्या खोलीवरच निघतो.

मतदारयादीही गावातच राहते. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला, तेव्हा टोळ्या निघून गेल्यावर मतदान कसे होणार यावर बरीच ओरड झाली. त्या निमित्ताने का होईना, तोडकरी मोजले गेले. एप्रिलमध्ये फड संपतो, कारखान्याची चिमणी थंडावते, मुकादम वही उघडतो. फिटलेल्या उचलीवर रेघ मारली जाते, न फिटलेली बाकी पुढच्या पानावर जाते, आणि पावसाळा सुरू झाला की त्याच पानावर नवी उचल लिहिली जाते.